उपकेंद्राशेजारी सोलर आलं म्हणजे मोटारीला व्होल्टेज मिळेल का?

परतूर तालुक्यातल्या एका तरुण उपसरपंचांचा प्रश्न आहे. गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणारं केंद्र) लागून गायरानावर ४ मेगावॅटचा सोलर प्लांट येतोय. ग्रामसभेत सांगण्यात आलं की आता दिवसा लाईट मिळेल, व्होल्टेज फुल्ल राहील, डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळायची बंद होईल. त्यांनी विचारलंय, हे कितपत खरं? लाईट गेली तर निदान प्लांटची वीज तरी गावाला मिळेल का? आणि ग्रामपंचायतीनं ठरावात काय मागून घ्यावं?

आधी सरळ उत्तर देतो. दिवसा लाईट मिळेल, हे बऱ्यापैकी खरं. व्होल्टेज सुधारेल, पण तुम्हाला वाटतंय त्याच्या पाव हिश्शानंसुद्धा नाही. डीपी जळण्याचा सोलरशी काही संबंध नाही, त्यामुळे ती जळायची तशी जळत राहील. आणि लाईट गेली की प्लांटही बंद पडेल. समोर हजारो पॅनल उन्हात चमकत असतील आणि गावात पंखा फिरणार नाही. हे का, ते नीट समजून घेतलंत तर ठरावात काय मागायचं ते आपोआप कळेल.

मी तीस वर्षं लाईनवर आणि उपकेंद्रांत काढली. आता छोटे-मध्यम सोलर प्लांट ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडून देण्याचं काम करतो. त्यामुळे सोलरच्या विरोधात बोलतोय असा गैरसमज नको, माझं पोटच त्यावर आहे. पण प्लांट सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी शेतकरी येऊन विचारतात, "साहेब, मोटार तर अजून गुरगुरतीच आहे, मग हे सोलर कुणासाठी?" तेव्हा उत्तर द्यायला मीच उभा असतो. म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

दिवसाच्या लाईटचं श्रेय मात्र पुरेपूर द्यायला हवं. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे निघणाऱ्या लाईनीला, आठ तास लाईट, तीही आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे चक्र आपण किती वर्षं सोसलं! जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला गव्हाला पाणी द्यायला जाणं, बॅटरीच्या उजेडात बांधावर साप बघत चालणं, हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या लाईटची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती याचसाठी. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि त्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, २०२४ मध्ये सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे. कल्पना साधी आहे. शेतीच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत प्लांट उभारायचा, त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरना द्यायची. सूर्य दिवसा असतो, म्हणून लाईटही दिवसा. वीज कंपनीला ती युनिटमागे साधारण तीन रुपयांच्या आसपास पडते आणि लांबून ओढून आणावी लागत नाही. इथवर सगळं चोख आहे.

आता व्होल्टेज. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी शेपटाला का पोचत नाही, हे तुमच्या भागात कुणालाही विचारा. धरणात पाणी आहे, मुख्य कालवा वाहतोय, पण वितरिका फुटलेल्या, चाऱ्या गाळानं भरलेल्या, आणि वरच्यांनी आपापली दारं उघडलेली. शेवटच्या शेताला ओल लागते तेवढीच. विजेचंही तसंच आहे. सोलर प्लांट म्हणजे कालव्याच्या मधोमध नवा तलाव बांधण्यासारखं. त्यानं मुख्य कालव्यावरचा ताण जातो. तुमच्या शेतापर्यंतची चारी मात्र तीच राहते.

जरा आकडे मांडतो. ढोबळ आहेत, पण आपल्याकडच्या लाईनींना धरून आहेत. तारांना आपल्या खात्यात प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीजल, रॅबिट, डॉग. साधारणपणे जनावर जितकं मोठं तितकी तार जाड. समजा तुमचं उपकेंद्र २५ किलोमीटरच्या डॉग तारेच्या ३३ केव्ही लाईनवर आहे आणि रब्बीत त्याचा लोड ५ एमव्हीए, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे चारेक मेगावॅट, आहे. त्या लाईनीतच जवळपास १७०० व्होल्ट गळतात, म्हणजे पाच टक्के. उपकेंद्रातून निघणारा ११ केव्हीचा फीडर १५ किलोमीटर रॅबिट तारेचा, त्यावर १०० अँपिअर. शेपटापर्यंत आणखी आठ टक्के गेले. मग तुमची १०० केव्हीएची डीपी. ती पूर्ण भरलेली असेल तर तिच्या पोटात चार टक्के. आणि शेवटी डीपीपासून विहिरींपर्यंतची एक किलोमीटर एलटी (कमी दाबाची) लाईन, वीजल तार, त्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी. एवढ्या एका किलोमीटरमध्ये ६८-७० व्होल्ट जातात.

डीपी मोकळी असताना ४३३ व्होल्ट देते असं गृहीत धरून ही सगळी वजाबाकी केली, तर शेवटच्या मोटारीला २८५-२९० व्होल्ट उरतात. नियमानं हवेत ४१५ च्या आसपास, सहा टक्के कमी म्हटलं तरी ३९०. म्हणजे शेवटची मोटार रोज अर्धपोटी चालते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे व्होल्टेज ८० टक्के असेल तर जोर ६४ टक्केच उरतो. २९० म्हणजे व्होल्टेजच जेमतेम ७० टक्के, जोर निम्माच. मोटार गुरगुरते पण उचलत नाही, वाइंडिंग तापतं आणि मेकॅनिकची दिवाळी होते.

आता उपकेंद्रात ४ मेगावॅट सोलर आलं. दुपारी बारा वाजता उपकेंद्राला लागणारी जवळजवळ सगळी वीज शेजारूनच मिळते. ३३ केव्हीच्या लाईनीतली १७०० व्होल्टची गळती ७५० वर येते. त्या लाईनीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज तर ७० टक्क्यांहून जास्त वाचते, कारण हा तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वीज कंपनीसाठी ही मोठी कमाई आहे. पण ११ केव्हीचा फीडर तोच आहे, त्यातला करंट तोच आहे, डीपी तीच, एलटी लाईन तीच. शेवटच्या मोटारीला किती वाढले? दहा-बारा व्होल्ट. २८८ चे ३०० झाले. मोटार गुरगुरतीच राहते ती यामुळे.

तुम्ही म्हणाल, ३३ केव्हीत ४ मेगावॅट आले तर गळती सगळीच का गेली नाही, ७५० व्होल्ट का राहिले? इथे एक गोष्ट आहे जी प्लांटवाले सहसा बोलत नाहीत. बैलगाडीत माल भरला तर बाजारात विकला जातो फक्त माल, पण बैल गाडीचं वजनही ओढतात. मोटारीला चुंबकत्व तयार करायला जो रिअ‍ॅक्टिव्ह करंट लागतो तो असाच, गाडीचं वजन. त्यानं पाणी उपसलं जात नाही, पण तारेतून तो यावाच लागतो. सोलर प्लांट बहुधा फक्त माल देतो, म्हणजे किलोवॅट. तसाच त्याचा करार असतो. गाडीचं वजन अजून लांबच्या उपकेंद्रातूनच ओढून आणलं जातं. गंमत म्हणजे प्लांट सुरू झाल्यावर उपकेंद्राच्या ३३ केव्ही मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण ओझ्यात मालाचा हिस्सा, एकदम घसरलेला दिसतो, कारण माल गेला आणि नुसती गाडी उरली. एका उपकेंद्रात यावरून माझ्यासमोर चांगलीच जुंपली होती. सोलरमुळे पॉवर फॅक्टर बिघडला असं लेखी पत्रच आलं होतं. सोलरनं काही बिघडवलं नव्हतं, आधीपासून झाकलेलं होतं ते उघडं पडलं होतं.

प्लांटमधले आजचे इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) हा रिअ‍ॅक्टिव्ह हिस्साही पुरवू शकतात. त्यात ती सोय असते, फक्त सेटिंग करावं लागतं आणि कुणीतरी ते मागावं लागतं. हा तुमच्या ठरावातला पहिला मुद्दा समजा.

त्याहून स्वस्त उपाय तुमच्याच हातात आहे, तो म्हणजे कपॅसिटर. हा गाडीचं वजन, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह करंट, मोटारीजवळच पुरवतो. पाच एचपीच्या मोटारीला २ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), तीनला १, साडेसातला ३. स्टार्टरच्या पेटीत बसतो. पाच एचपीची मोटार साडेआठ अँपिअर घेत असेल तर कपॅसिटर लावल्यावर सव्वासात घेते. एकट्यानं लावून स्वतःच्या मोटारीला फारसा फरक जाणवत नाही, म्हणून कुणी लावत नाही. पण फीडरवरच्या सगळ्यांनी लावले तर डीपीत, ११ केव्हीत आणि ३३ केव्हीत तिन्हीकडे गळती कमी होते, आणि माझ्या हिशेबानं शेवटच्या मोटारीला आणखी वीस-बावीस व्होल्ट मिळतात. म्हणजे चार मेगावॅटच्या प्लांटनं जेवढे दिले त्याच्या जवळपास दुप्पट, काहीशे रुपयांच्या डब्यातून. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच दोनदा तपासावा लागला होता.

आणि सगळ्यात मोठा फरक कशानं पडतो? एका किलोमीटरच्या एलटी लाईनीच्या मध्यावर दुसरी डीपी बसवल्यानं. लाईन निम्मी, मोटारी निम्म्या, गळती एक चतुर्थांश. ६८ व्होल्ट जात होते तिथे १७ जातात. पन्नास व्होल्ट एका झटक्यात! सोलरचे बारा, कपॅसिटरचे बावीस, डीपीचे पन्नास. म्हणून मी म्हणतो की सोलरनं वेळ दिली, व्होल्टेज मात्र शेवटच्या किलोमीटरमध्ये आहे.

डीपीचं बोलतोच आहोत तर जळण्याचंही सांगतो. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या सोळा मोटारी भरपूर झाल्या. प्रत्यक्षात किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात पाटी पाचची आणि वाइंडिंग साडेसातचं, हे तर घरोघरी. त्यात तारेवर टाकलेले चोरीचे आकडे. आणि त्यात ऑटोस्विच. लाईट आली की पंधरा मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या सहापट करंट ओढते. व्होल्टेज इतकं खाली बसतं की कुठलीच मोटार पूर्ण गतीला येत नाही, सगळ्या अडकून सहापट करंट ओढत राहतात, एक फ्यूज उडतो, मग दोन फेजवर राहिलेल्या मोटारी जळायला लागतात. वरून कुणी फ्यूजऐवजी जाड तार बांधली असेल तर फ्यूजच्या जागी डीपी जाते. यात सूर्याचा काय दोष? उलट आता सगळ्यांना दिवसा ठरलेल्या वेळी लाईट येणार, तर ऑटोस्विचची गरजच संपली. रात्री दोनला उठायला नको म्हणून तो लावला होता. दिवसा माणूस शेतात असतो, बटण दाबावं हातानं. आपापसात ठरवून पाच-पाच मिनिटांच्या फरकानं मोटारी सुरू करणारी एक वाडी मी पाहिली आहे. तिथली डीपी तीन रब्बी टिकली. वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून मिळायला हवी, हेही लक्षात ठेवा, पण न जळणं केव्हाही चांगलं.

सगळ्या फीडरना दिवसा लाईट देण्यात एक मेख आहे, ती उपकेंद्रात काम केलेल्यालाच पटकन दिसते. आजवर उपकेंद्राचे शेतीचे फीडर दोन गटांत असायचे. एक गट दिवसा, दुसरा रात्री. ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर एका वेळी एकच गट. आता दोन्ही गट दिवसा. ऊन आहे तोवर सोलर हा जादा लोड उचलतं, ट्रान्सफॉर्मरला कळतही नाही. पण ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असतं, पावसानं वीस दिवसांची ओढ दिलेली असते, सगळ्या विहिरींवर मोटारी चालू असतात, आणि आभाळ मात्र पाऊस न देता नुसतं येऊन-जाऊन करत असतं. मराठवाड्याला हे आभाळ चांगलं ओळखीचं आहे. मोठा ढग आला की चार मेगावॅटचे दीड मिनिटात एक मेगावॅट होतात. दोन्ही गटांचा भार अचानक त्या एकट्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. संरक्षणाचा रिले उडतो, उपकेंद्र बसतं, आणि शेतकरी म्हणतो सोलर आल्यापासून लाईट जास्त जाते. तो खोटं बोलत नसतो. उपाय आहे: दुसरा ट्रान्सफॉर्मर, किंवा मोठ्या क्षमतेचा. प्लांट येण्याआधी उपकेंद्राची क्षमता वाढणार की नंतर, हे विचारून ठेवा. नंतर म्हणाले तर तारीख विचारा.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लाईट गेली की प्लांट का बंद होतो? कारण तो तसाच बांधलेला असतो आणि तसाच असला पाहिजे. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रीडचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून त्याच्या तालावर चालतो. ताल थांबला की दोन सेकंदांच्या आत त्यानं वीज देणं थांबवलं पाहिजे. भारतात यासाठी आयएस १६१६९ हे मानक आहे आणि इन्व्हर्टर त्यावर उतरल्याशिवाय ग्रीडला लागत नाही. लाईट परत आल्यावरही किमान ६० सेकंद ग्रीड स्थिर आहे असं दिसेपर्यंत तो वाट बघतो.

यामागे माणसाचा जीव आहे. वायरमन लाईन बंद करून खांबावर चढतो. मागून कुठून वीज आली तर? सोलर नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगतो. लग्नाच्या मांडवात जनरेटर लावला होता, चेंजओव्हर स्विच नव्हता, सरळ मीटरच्या पुढे वायरी खुपसल्या होत्या. ती वीज घरातून उलटी डीपीत गेली आणि डीपीनं तिचे ११ हजार व्होल्ट करून लाईनवर टाकले. पुढच्या खांबावर आमचा एक माणूस होता. वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा कामाचा राहिला नाही. त्या दिवसापासून मी डिस्चार्ज रॉड (लाईन जमिनीला जोडणारी दांडी) लावल्याशिवाय कुणाला लाईनीला हात लावू दिलेला नाही. त्यामुळे प्लांट बंद होतो म्हणून चिडू नका. गावापुरती वीज वेगळी काढून चालवता येते, पण त्याला बॅटरी, ग्रीडशिवाय चालणारे इन्व्हर्टर आणि ग्रीडपासून तोडणारा स्विच लागतो. तो वेगळा आणि महाग मामला आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. लाईन जितकी वेळा ट्रिप होईल तितकी सोलरची वीज वाया जाते. रोहिणी-मृगाच्या वाऱ्यात बाभळीची फांदी तारेवर घासली, फुटक्या इन्सुलेटरवर पहिला पाऊस पडला, की फीडर बसतो. प्लांट ११ केव्हीच्या फीडरवर मध्येच जोडला असेल तर दर वेळी तोही बसतो. उपकेंद्राच्या बसबारला (सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्टीला) स्वतंत्र लाईनीनं जोडला असेल तर एका फीडरच्या फांदीनं त्याला फरक पडत नाही. म्हणून ४ मेगावॅटसारखा प्लांट उपकेंद्रालाच जोडतात आणि ते बरोबर आहे.

मग शेपटाचं व्होल्टेज सुधारायला शेपटालाच सोलर जोडलं तर? हा प्रश्न चांगला आहे आणि मला आवडणारा आहे. २०१९ मध्ये आलेल्या कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात अर्धा ते दोन मेगावॅटचे प्लांट शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर उभारता येतात. फीडरच्या बाराव्या किलोमीटरवर एक मेगावॅट जोडलं तर तिथलं व्होल्टेज सुमारे सहा टक्क्यांनी वर येतं. शेपटाची आठ टक्क्यांची गळती जवळजवळ भरून निघते. हिशेब मोहक आहे. पण मे महिन्यात बघा. आपल्याकडे एप्रिल लागला की विहिरी तळाला जातात, मोटारी बंद. नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यात कडक. लोड नाही, वीज भरपूर, शेपटाचं व्होल्टेज ११ केव्हीच्याही वर चढतं. घरातल्या दिव्यापर्यंत ते २५०-२५५ होऊन पोचतं, आणि शेवटी इन्व्हर्टर स्वतःच जास्त व्होल्टेज म्हणून बंद पडतो. एका प्लांटवर मी सलग तीन आठवडे हेच बघत बसलो होतो. रोज अकराला बंद, साडेतीनला चालू. मालक म्हणायचा मशीन खराब आहे. मशीन शहाणं होतं. इन्व्हर्टरला थोडा रिअ‍ॅक्टिव्ह करंट ओढायला लावून आणि उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) एक पायरी खाली आणून ते निस्तरलं.

ऊन आणि पाणी यांची ही चुकामूक मराठवाड्यात कायमचीच आहे. पाण्याची खरी गरज ऑक्टोबर ते फेब्रुवारी, गहू-हरभरा-ऊस. तेव्हा दिवस लहान, सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर सोलर जेमतेम. म्हणून 'आठ तास दिवसा' म्हणजे सकाळी सहा ते दोन नसून साडेआठ-नऊ ते साडेचार-पाच हवेत. काही ठिकाणी जुन्या सवयीनं सहाला लाईट सोडतात आणि सकाळचे दोन-तीन तास पुन्हा जुन्याच लाईनीवरून ओढतात. वेळापत्रक ठरवताना ग्रामपंचायतीनं बोलावं. पॅनल कडक उन्हात जास्त देतात हाही समज अर्धाच खरा आहे. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि तापण्यामुळे त्याची १३-१४ टक्के ताकद जाते. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे. आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीयंत्रांची धूळ बसते ती धुतली नाही तर रब्बीच्या तोंडावरच उत्पादन घसरतं.

तरी एक विचार येतोच. २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. दुष्काळात वीज करायलाही पाणी नसणारा हा प्रदेश आहे. सोलरला पाणी लागतं ते फक्त धुण्यापुरतं.

पण ते धुण्याचं पाणीही विचारून घ्या. चार मेगावॅटला एका धुण्याला दोन टँकर तरी लागतात. फेब्रुवारीनंतर ते कुठून येणार? गावाच्या नळयोजनेच्या विहिरीतून नको, एवढं लेखी घ्या. कोरडी ब्रश-सफाई करणारी यंत्रं मिळतात.

छतावरच्या सोलरबद्दल विचारलं नाहीत, तरी दोन वाक्यं. गावठाणात दुपारी घरं बंद असतात, सगळे शेतात. छतांची वीज वापरायला कुणी नसतं, ती तारेवर जाऊन व्होल्टेज चढवते आणि संध्याकाळी सातला, जेव्हा हवी असते, तेव्हा ती नसते. पिठाची गिरणी, शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठ्याची मोटार, जिथे दिवसा वापर आहे, तिथे मात्र छतावरचं सोलर फार छान बसतं. बसवताना तिन्ही फेजवर वाटून बसवा, सगळी घरं एकाच फेजवर नकोत.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' घ्यावा की फीडरच्या सोलरवर थांबावं, हे अनेक जण विचारतात. ज्याच्या विहिरीपर्यंत खांबच नाहीत, किंवा जो एलटी लाईनीच्या अगदी टोकाला आहे, त्यानं पंप घ्यावा. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच भरावे लागतात. टोकाची एक मोटार लाईनीवरून उतरली की मागच्यांचं व्होल्टेजही सुधारतं, हा फायदा कुणी मोजत नाही. डीपीच्या जवळ असणाऱ्यानं थांबायला हरकत नाही. पंपाचं सोलर विहीर आटली की रिकामं तापत बसतं, ग्रीडचं सोलर तेव्हा दुसऱ्याच्या कामी येतं.

जमिनीचं. चार मेगावॅटला सोळा ते वीस एकर लागतात. खासगी जमीन असेल तर योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं, असं प्रोत्साहन अनुदान आहे. गायरानाचं मात्र जपून. आपल्याकडे गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी भूमिहीन कुटुंबं आहेत, मेंढरं चारणारे आहेत. सातबाऱ्यावर 'सरकार' लिहिलंय म्हणजे जमीन मोकळी आहे असं नसतं. कुंपण पडायच्या दिवशी भांडण उभं राहिलं की प्लांट दीड वर्ष अडकतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. मोजणीच्या आधी त्या लोकांना बोलवा, कोण किती कसतं ते पंचांसमक्ष लिहून घ्या. करार पंचवीस वर्षांचा असतो, तेवढा काळ रोज त्या कुंपणाच्या बाजूनं जायचं आहे.

ठरावात हे मागा: उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमतावाढ प्लांट सुरू होण्याआधी, इन्व्हर्टरचं रिअ‍ॅक्टिव्ह सेटिंग वीज कंपनी आणि प्लांटवाले यांनी मिळून ठरवणं, जिथे एलटी लाईन अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब आहे तिथे नवी डीपी, आणि दिवसाच्या आठ तासांची वेळ हिवाळ्यात नऊ ते पाच. त्या बदल्यात गावानं ऑटोस्विच काढायचे आणि कपॅसिटर लावायचे, हेही त्याच ठरावात लिहा. नुसत्या मागणीपेक्षा असा ठराव अभियंत्याच्या टेबलावर जास्त वेळ वाचला जातो.

ठरावासोबत मोजमाप जोडा. एक साधा व्होल्टमीटर घ्या. उपकेंद्रातल्या लॉगशीटमधून ११ केव्हीचं तासातासाचं व्होल्टेज उतरवून आणा. त्याच दिवशी डीपीच्या पेटीत वायरमनच्या हातून आणि शेवटच्या मोटारीच्या स्टार्टरवर अकरा, एक आणि चार वाजता मोजा, तिन्ही फेजवर. गळती कुठे आहे ते तीन आकड्यांत दिसतं. हे सगळं करून, सोलर, कपॅसिटर, नवी डीपी झाल्यावरही शेवटच्या मोटारीला ३७० च मिळत असतील, तर उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप दोन-चार पायऱ्या वर घेता येतो. पायरी साधारण सव्वा टक्क्याची असते, चार घेतल्या तर शेवटची मोटार ३९० ला टेकते. पण हे सगळ्यात शेवटी, कारण उन्हाळ्यात मोटारी बंद झाल्या की तोच टॅप खाली आणायला लागतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरला टॅप बदलायला सप्लाय बंद करावा लागतो. रब्बी ऐन भरात असताना तो कुणी बंद करू देणार नाही, म्हणून दसऱ्याच्या आसपासच सांगून ठेवा.